खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

५ जुलै २०१०, सोमवार

आज प्रयोगशाळेत नवी मुलगी रुजू झाली. नाव गौरवी. पेडण्याकडची, पार्से गावची. इथे सर्वणला मावशीकडे राहून स्कूटरवरून येणार. संगणकाची अभियंता आहे. आमचे मॅनेजर गोकुळदासबाब तिला माझ्या टेबलापाशी घेऊन आले आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघूया. ठेवायची की नाही, तें सुलोचनाबाय सांगतली." म्हणजे तिची नोकरी माझ्या शब्दावर. मी हसले. हसणं मनापासूनचं नव्हतं, ते इथे लिहून ठेवते.

मी मूळची रसायनाची. खाणीवरच्या ढिगांतून मातीचे नमुने येतात, ते कुटून, वाळवून, विरघळवून त्यांत लोखंड किती ते मी काढते. एकवीस वर्षं हेच. संगणक आला तेव्हा कोणी हात लावीना म्हणून मी लावला. चार वर्षांपूर्वी लिनक्सचा सर्व्हरही मीच बसवला, पुस्तकं वाचून, चुकत-माकत. आता प्रयोगशाळेत निकाल टाइप केला की तो सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरात जातो. खाली नदीच्या धक्क्यावरचे लोक तेच फोल्डर उघडतात आणि कुठल्या ढिगाची माती कुठल्या बार्जमध्ये, म्हणजे माल नेणाऱ्या सपाट बोटीत, भरायची ते ठरवतात. निकाल पोचला नाही तर बार्ज उभी.

गौरवीने पहिल्याच तासात विचारलं, "मॅडम, सर्व्हराची फायरवॉल बंद कित्याक ठेवल्यात?"

मी म्हटलं, "चालू केली की बाहेरच्यांबरोबर आपल्या धक्क्यालाही अडवते, तिकडे फोल्डर उघडत नाही."

"मगे दुरुस्त करूया मां," ती म्हणाली. कपबशी विसळूया म्हणावं तसं.

९ जुलै, शुक्रवार

तिने सगळ्या वायरींना चिठ्ठ्या लावल्या. मी लावते तशाच: वर तारीख, खाली कुठून कुठे, आणि माझ्यासारखी एक रेघ. अक्षरही माझ्यासारखं तिरकं काढलंय. नमुने कुटणारा रामचंद्र म्हणाला, "बायनू, हें तुमचें की तिचें, कळना." मला ते आवडलं नाही. माणूस आपली नक्कल करतो तेव्हा थोडी टवाळी करत असतो.

दुपारी मी जेवून आले तर ती माझ्या खुर्चीत. लगेच उठली. "कदेल गरम करून ठेयलंय तुमका," खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाली. रामचंद्र हसला. मीही हसायला हवं होतं.

२६ जुलै, सोमवार

मुख्य कचेरीचं पत्रक आलं. कुठल्याशा कचेरीत व्हायरस शिरला आणि सगळे हिशेब पुसले गेले. आता चतुर्थीच्या आत प्रत्येक सर्व्हरवर फायरवॉल चालू पाहिजे, तपासायला माणूस येईल. गोकुळदासबाबांनी वाचून दाखवलं आणि विचारलं, "कितें गे सुलोचनाबाय, जातलें मू?"

प्रश्न मला होता. पण बोलताना त्यांचे डोळे तिच्याकडे गेले. अगदी क्षणभर. द्रावणाचा रंग बदलेपर्यंत एकेक थेंब मोजायची सवय असलेल्या माणसाला क्षणभर पुरतो.

मी म्हटलं, "होईल. वेळ लागेल."

२ ऑगस्ट, सोमवार

आठवडाभर सकाळचे नमुने संपवून सर्व्हरपाशी बसते. फायरवॉल बंद असली की प्रयोगशाळेचा संगणक सर्व्हरचं फोल्डर पटकन जोडून घेतो. चालू केली की आदेश नुसता लटकतो. कर्सर लुकलुकत राहतो, दोन मिनिटांनी "वेळ संपली" असा निरोप. नकारही नाही. दार वाजवत राहावं आणि आतून कोणी "नाही" सुद्धा म्हणू नये, असं.

पुस्तकात सांगितलेले दोन पोर्ट, म्हणजे सर्व्हरची आकडे दिलेली दारं, मी उघडलेत, एकशे अकरा आणि दोन हजार एकोणपन्नास. तरी तेच. केबल बदलून पाहिली. फोल्डरच्या परवानग्या पाहिल्या. धक्क्यावरच्या संगणकाचा पत्ता यादीत आहे की नाही ते तीनदा पाहिलं.

गौरवी मागे उभी होती. म्हणाली, "मॅडम, सर्व्हर कितके पोर्ट वापरता तें एकदा तेकाच विचारून बघूया?"

मी म्हटलं, "तू नमुन्यांच्या पिशव्यांवर आकडे घाल. रामचंद्राला एकट्याला जमत नाही." ती गेली. रामचंद्राला एकट्याला दहा वर्षं जमतंय.

मला खरं वाटतं ते असं: ती सांगेल ते बरोबर निघेल, आणि मला ते तिच्या तोंडून ऐकायचं नाही. हे लिहिताना लाज वाटते. पण लाज वाटूनही उद्या मी तिला विचारणार नाही, हेही मला आत्ताच ठाऊक आहे.

८ ऑगस्ट, रविवार

गौरवी घरी आली. मी बोलावलं नव्हतं. सर्वणहून डिचोलीच्या बाजाराला आली होती, मावशीने दिलेली घोसाळी द्यायला थांबली. जयराम (माझे यजमान, प्राथमिक शाळेत मराठी शिकवतात) तिच्याशी तासभर बोलत बसले. घरात आम्ही बोलतो कोंकणी, ती बोलते पेडण्याची, आणि जयराम शाळेतल्यासारखं मराठी. तरी तिघांत मीच गप्प.

ती सांगत होती, "मॅडमनी सर्व्हर बसवलो तेव्हा इंटरनेट पण नाय हुता हय. पुस्तकावरसून. आमच्या कॉलेजातल्या सरांक पण जमला नसता."

जयराम म्हणाले, "आम्हाला घरात कधी सांगितलं नाही हो हिने."

ती गेल्यावर म्हणाले, "मुलगी गोड आहे. तू नोकरीला लागलीस तेव्हा अशीच होतीस. सगळ्यांना प्रश्न विचारून हैराण करायचीस."

मी म्हटलं, "मी कोणाच्या खुर्चीत बसले नव्हते."

त्यांनी घोसाळ्याची भजी करूया का, असं विचारलं. मी म्हटलं, मला नको. केल्यावर सहा खाल्ली.

१२ ऑगस्ट, गुरुवार

झालं. मला सापडलं. मला एकटीला.

गौरवी आज रजेवर होती. मी सर्व्हरला विचारलं, तुझ्यात कोण कोण कुठल्या पोर्टवर बसलंय. तिने सांगितलेलंच विचारलं, हे मान्य. पण आदेश मी शोधला. यादी आली तेव्हा एकदम उजेड पडला. फोल्डर जोडून देण्याचं काम सर्व्हरमधली एक वेगळीच प्रणाली करते, आणि ती पुस्तकातल्या दोन पोर्टांवर नसते. ती बसली होती अठ्ठेचाळीस हजार सातशे तेरा नंबरच्या पोर्टवर. कोपऱ्यातल्या, कोणी नाव न घेतलेल्या. फायरवॉल तेच दार बंद करून बसलेली. मी ते उघडलं. फोल्डर जोडलं गेलं. धक्क्यावर फोन केला, तिकडेही उघडलं. फायरवॉल चालू असताना.

गोकुळदासबाबांनी बाजारातून मिठाई मागवली. सगळ्यांसमोर म्हणाले, "इंजिनियर आणली ती आणली, पण काम शेवटी आमच्या बायनेच केलें." इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पेढा खाताना गौरवी रजेवर असल्याचं वाईट वाटलं. तिने हे ऐकायला हवं होतं.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

तिला सांगितलं. तिने टाळी वाजवली, खरोखरच. मग विचारलं, "मॅडम, तो आकडो बांधून घातल्यात मां? नायतर तो उठलो काय दुसरीकडे बसता."

मी म्हटलं, "बघते."

"दोन मिन्टाचा काम. मी करू?"

"सर्व्हर माझ्याकडे आहे, गौरवी."

"व्हय, तुमच्याकडेच," ती म्हणाली, आणि हसली नाही.

बांधून घालणं म्हणजे काय, ते मला नीट कळलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. काल मिळालेला पेढा आजच अर्धा काढून घेतल्यासारखं वाटलं. कोणाचं काम झालं की त्यात एक उणं शोधायचंच, ही नव्या मुलांची खोड आहे. चालतंय ना? मग.

२० सप्टेंबर, सोमवार

चतुर्थी झाली. तपासणीचा माणूस आला, फायरवॉल पाहिली, खूण करून गेला. माझं नाव लिहून घेतलं.

पावसाळ्यात बंद असलेल्या बार्ज सुरू होतील. गोकुळदासबाबांनी सहज विचारलं, "ती पार्सेची चेडूं कशी? ठेवूया मू?"

मी म्हटलं, "हुशार आहे. पण अजून कच्ची. दसऱ्यानंतर सांगते."

कच्ची हा शब्द कुठून आला? तिचं एकही काम कच्चं नाही. बाहेर आले तर ती माझी काचेची नळी धूत होती, जी धुवायला मी कोणाला देत नाही. तिला म्हटलं, ठेव ती. ती म्हणाली, "तुमचो हात दुखता म्हणून." माझा खांदा गेल्या आठवड्यापासून धरलाय, पण मी कोणाला बोलले नव्हते. हे माझ्यावर लक्ष ठेवणं मला फारसं बरं वाटत नाही.

१६ ऑक्टोबर, शनिवार

खंडेनवमी. आमच्याकडे या दिवशी सगळी यंत्रं बंद करून, पुसून, फुलं घालून पूजा. कुटायचं यंत्र, भट्टी, चाळण्या, तराजू. उद्या दसऱ्याला कोणी हात लावायचा नाही. वर्षात सर्व्हरही याच दोन दिवसांत बंद असतो, एरवी दिवे गेले तरी बॅटरी आणि जनरेटर त्याला सांभाळतात.

गौरवी म्हणाली, "मॅडम, सर्व्हर बंद करूक नको. वरसून फूल ठेवूया, चालतला."

मी म्हटलं, "देवासमोर अर्धवट चालत नाही. बाकी सगळी यंत्रं निजतात आणि हा तेवढा जागा? दरवर्षी बंद करतो."

"दरवर्षी फायरवॉल बंद हुती, मॅडम."

रामचंद्र आणि दोन कामगार झेंडूच्या माळा घेऊन उभे होते. सगळ्यांसमोर ती मला असं म्हणाली. मी म्हटलं, "तू पेडण्याची ना गे? तुमच्याकडे हत्यारं पुजत नाहीत?"

रामचंद्र फिदीफिदी हसला. ती लाल झाली. मग स्वतःच खाली बसली आणि नीट आदेश देऊन सर्व्हर बंद केला, पडद्यावरचा शेवटचा दिवा विझेपर्यंत थांबली, आणि माळ घातली. तिच्या बोटांनी माळेची गाठ बसेना, मी बसवली.

रामचंद्राने गाऱ्हाणं घातलं. नारळ पुढ्यात, हात जोडलेले. "बा देवा म्हाराजा, आज तुज्या लेकरांनी हत्यारां तुज्या पायांकडे ठेयल्यात. भट्टी म्हण, चाळण म्हण, तराजू म्हण, आनी हो सुलोचनाबायचो काम्प्युटर म्हण. कोणाची वायट नदर लागूंक दिऊं नाका म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे. तिचा आवाज सगळ्यांत मोठा.

सुलोचनाबायचो काम्प्युटर. मला हे ऐकून बरं वाटलं.

१८ ऑक्टोबर, सोमवार

सर्व्हर सकाळी चालू केला. मीच केला, कुंकू लावून. हंगामाची पहिली बार्ज धक्क्याला लागलेली. साडेनऊला पहिला निकाल टाइप केला. फोल्डर नाही. आदेश लटकलेला.

धक्क्यावरून फोन, त्यांच्याकडेही नाही. भरती दुपारी ओसरणार, त्याआधी भरून बार्ज निघाली नाही तर बाहेर मोठं जहाज थांबून राहील. गोकुळदासबाब टेकडीवरून धावत आले. धाप लागलेली. रामचंद्राला निकालाचा कागद देऊन मोटरसायकलवर धक्क्याला पाठवलं. तिकडचा माणूस म्हणे, सहीचा कागद नको, यंत्रात दिसलं पाहिजे.

मी यादी मागवली. फोल्डर जोडून देणारी ती प्रणाली आज बत्तीस हजार नऊशे आणि काहीवर बसलेली. अठ्ठेचाळीस हजार सातशे तेराचं दार सताड उघडं, आणि त्यामागे कोणी नाही. म्हणजे ती दर वेळी उठली की मिळेल त्या पोर्टवर बसते. बांधून घालणं म्हणजे हे. तिला एक ठरावीक जागा नेमून द्यायची. ऑगस्टमध्ये गौरवीने हेच म्हटलं होतं, आणि शनिवारीही हेच.

हे सगळं मला यादी पाहताक्षणी कळलं. मी नवं दार उघडलं, फोल्डर जोडलं गेलं, बार्ज भरतीबरोबर निघाली, अर्धीच भरलेली.

गोकुळदासबाबांनी विचारलं, "झालें कितें?"

मी म्हटलं, "बंद करून चालू केल्यामुळे झालं."

हे खरं होतं. शब्दनशब्द खरं.

"बंद कोणें केल्लो?"

रामचंद्राने तिच्याकडे पाहिलं, कामगारांनी पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे.

"मीच केलो," ती म्हणाली.

त्यांनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं. इंजिनियर म्हणून आणली, बटण दाबायची अक्कल नाही. घरात बसून पोळे भाज. ती उभी होती, हात पुढे बांधून. एकदाही "मॅडमनी सांगितलं" म्हणाली नाही. मी वाट बघत होते, तिने म्हणावं. म्हटलं असतं तर मी कबूल केलं असतं. निदान तसं मला वाटतं.

संध्याकाळी घरी पुस्तक काढलं. सेटिंगच्या फायलीत एक ओळ, एक आकडा. बस.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी लवकर जाऊन ती ओळ घातली. सर्व्हर पुन्हा बंद-चालू करून पाहिला. प्रणाली जागची हलली नाही.

गोकुळदासबाबांनी बोलावलं. "तुम्ही म्हटलेलें, कच्ची. बरोबर निघालें. दिवाळीपासून नको म्हणून सांगतां तिका."

मी म्हटलं, "इतकी घाई नको."

"तुमचा स्वभाव मऊ," ते म्हणाले.

मी स्वतःशी युक्तिवाद करून पाहिला. सर्व्हर बंद करायचा आग्रह माझा, पण प्रथा दरवर्षीची. आकडा बांधला नाही ही चूक माझी, पण शोधला मीच. मी खोटं बोलले नाही. मला विचारलं ते मी सांगितलं. सगळं नीट जुळतं. एवढं नीट जुळतं म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटत नाही.

आणि खरी गोष्ट याहून वाईट आहे. "नको म्हणून सांगतां" ऐकलं तेव्हा आधी, सगळ्यांच्या आधी, मला हलकं वाटलं. खांद्यावरचं गाठोडं कोणीतरी उतरवून घ्यावं तसं.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

रात्रभर नाही म्हणता येणार, पण पहाटे झोप नव्हती. जयरामना सगळं सांगितलं. ते चहा पीत होते. म्हणाले, "मग आता?"

"आता काय?"

"तिला पार्सेला बसमध्ये बसवायला तू जाशील की मी?"

कचेरीत गेल्या गेल्या गोकुळदासबाबांच्या खोलीत शिरले. म्हटलं, "सोमवारची चूक गौरवीची नव्हती. माझी होती. तिने दोनदा सावध केलं, मी ऐकलं नाही. बंद करायलाही मीच लावलं."

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू कौतुक पसरत गेलं. मला काय होतंय ते समजायला वेळ लागला.

"सुलोचनाबाय," ते म्हणाले, "मोठें मन लागता ह्याका. स्वतःवर घेतात तुम्ही. बरें, तुमच्याखातर ठेवतां तिका. पण सर्व्हराक हात लावूंक दिऊं नाकात."

"मी स्वतःवर घेत नाही. खरंच माझं आहे."

"व्हय, व्हय," म्हणाले, आणि फोन उचलला.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

आता सगळीकडे हीच गोष्ट. रामचंद्र म्हणतो, "बायनू, देव तुमचें बरें करतलो." दोन कामगारांनी वाट सोडून दिली. जेवणाच्या सुट्टीत पाणी भरायला आलेली एक बाई म्हणाली, मुलीची नोकरी वाचवलीत.

गौरवी चहाच्या वेळी जवळ आली. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मॅडम, थँक्यू हां." बाकी काही नाही. तिला थँक्यू म्हणावंच लागलं. न म्हणती तर माजोरडी ठरली असती.

मी तिची चूक नसलेली चूक आधी तिच्यावर टाकली, आणि मग माफ केली. आणि तिने मान खाली घालून ती माफी घेतली. याहून जास्त मी तिचं काय काढून घेऊ शकले असते?

तिच्या जागी मी असते तर त्या चहाच्या कपात थुंकले असते.

२५ ऑक्टोबर, सोमवार

तोंडाने सांगून कोणाला पटत नाही, तर करून दाखवायचं. बार्जच्या वेळा पाहिल्या. दुपारी धक्का रिकामा होता. गोकुळदासबाबांना म्हटलं, पंधरा मिनिटं प्रयोगशाळेत या. रामचंद्राला, कामगारांना, गौरवीला, सगळ्यांना बोलावलं.

मी सेटिंगमधली ओळ पुसली. तो आकडा पुसला. मोठ्याने सांगत गेले, "हे ऑगस्टमध्ये मी केलं होतं तसं आता पुन्हा करते." फक्त अठ्ठेचाळीस हजार सातशे तेराचं दार उघडं ठेवलं. मग रामचंद्राला म्हटलं, "तू बंद कर. हे बटण."

"म्हाका लावूं नाकात, बायनू," तो म्हणाला.

"कर. आज कोणी बंद केला तरी हेच होणार, ते बघायचंय."

त्याने केला. चालू झाल्यावर मी प्रयोगशाळेच्या संगणकावर फोल्डर मागितलं. कर्सर लुकलुकत राहिला. दोन मिनिटं इतकी मोठी असतात हे मला ठाऊक होतं, त्यांना आज कळलं. "वेळ संपली."

"गेल्या सोमवारी हेंच?" गोकुळदासबाब म्हणाले.

"हेच. आणि हे असं होईल म्हणून हिने मला दोनदा सांगितलं होतं. त्याआधी हिने उपाय सुचवला तेव्हाही मी हिला पिशव्यांवर आकडे घालायला पाठवलं. गौरवी, आता तू कर."

ती सर्व्हरपाशी आली. खुर्ची माझी, मी उठले. तिची बोटं चालली. माझी इतकी कधी चालली नाहीत. ओळ घातली, आकडा बांधला, त्याच आकड्याचं दार उघडलं, जुनं बंद केलं. जुनं बंद करायचं मला सुचलंच नव्हतं, इतके दिवस ते उघडंच होतं. मग रामचंद्राला म्हणाली, "काका, परत बंद कर. चार वेळा कर. काय एक होवचा नाय."

त्याने दोनदा केला. फोल्डर दोन्ही वेळा उघडलं. एक कामगार "जमलां मगे" म्हणाला, आणि सगळे हसले, हलके होऊन.

गोकुळदासबाब हसले नाहीत. जनेलापाशी जाऊन त्यांनी खाली नदीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सर्व्हर हिच्याकडे दिया, बाय." मला म्हणाले, पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता. "आनी दिवाळीचें जाऊं दी. तिका ठेवल्या."

मला हेच हवं होतं. यासाठीच सगळं केलं. तरी एकदम तोल गेल्यासारखं झालं, जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि नसावी तसं.

लोक गेले. सर्व्हरचा पासवर्ड चार वर्षं माझ्या एकटीचा होता. कुठे लिहिलेला नाही. तिच्या कानाशी जाऊन सांगितला. ती म्हणाली, "तोच ऱ्हवांदी, मॅडम. तुमका कधी लागलो तर."

मी म्हटलं, "नाही. काम घेणाऱ्याने बदलायचा असतो. आत्ताच बदल."

तिने खुर्ची पुढे ओढली. मग बदलायला घेतला. अशा वेळी दुसऱ्याने तोंड फिरवायचं असतं, म्हणून मी जनेलाकडे वळले. खाली धक्क्याला एक रिकामी बार्ज लागत होती. मागे तिची बोटं पडत होती, सावकाश, एकेक कळ वेगळी ऐकू येत होती. मोजायच्या नाहीत, असं मी ठरवलं होतं. मोजल्या. किती, ते इथे लिहिणार नाही.